चकाकती बाजू

टप्.

भिंगरी नुकतीच कुठे झोपली होती. सकाळपासून खोकून खोकून तिचा जीव अर्धा झाला होता. आता घर चिडीचूप होतं आणि तिच्या आईने कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकून पाय पसरले होते.

टप्.

नळ असेल म्हणून ती तशीच बसून राहिली. पण आवाज स्वयंपाकघरातून येत नव्हता. तो इथलाच होता, अगदी हाताशी. लेकीच्या उशीजवळ चित्रांचं पुस्तक उघडं पडलं होतं, त्यातल्या हत्तीच्या पाठीवर पाण्याचा एक टपोरा डाग फुगत चालला होता.

तिने वर पाहिलं. पाऊस सरून महिने लोटले होते. बाहेर हाडं गोठवणारी कोरडी थंडी पडली होती. वर पाण्याची टाकी नव्हती की कुणाचं बिऱ्हाडही नव्हतं, नुसते पत्रे होते. मग पाणी यायचं कुठून? सीलिंगच्या पांढऱ्या फळ्यांमध्ये एक फळी पोट सुटल्यासारखी खाली आली होती आणि तिच्या कडेला चहा सांडल्यासारखी पिवळट रेघ उमटली होती.

स्टुलावर चढून तिने फळीला बोट लावलं. बोट आत गेलं.

"अरे," तिने आवाज न चढवता नवऱ्याला हाक मारली, "स्क्रूड्रायव्हर आण जरा."

तो शाळेची बस चालवायचा. रविवारी घरी असला की भांडी त्याच्याकडे. ओले हात चड्डीला पुसत तो दारात आला. "आता काय मोडलंस?"

"मोडलं नाहीये. मोडायचंय."

भिंगरीला गादीसकट उचलून त्यांनी बाहेरच्या खोलीत ठेवलं. तो स्टुलावर चढला, तिने खालून फळी धरली. चार स्क्रू निघाले, पाचवा निघायच्या आतच फळी सुटली, आणि तिच्यामागोमाग ग्लासवूलचा, म्हणजे छतात भरलेल्या काचेच्या लोकरीचा, एक अख्खा पट्टा भस्सकन खाली आला. एरवी फुंकर मारली तर उडेल असं ते पिवळं धमक बोंड, पण आता भिजलेल्या गादीसारखं जड झालं होतं. त्याला कुबट वास येत होता आणि खालच्या अंगाला काळे ठिपके धरले होते.

"पत्रा गळतोय," नवरा म्हणाला.

ती पट्ट्याकडे पाहत होती. ग्लासवूलच्या एका अंगाला चंदेरी फॉइल चिकटवलेली असते. ती वरच्या बाजूला होती, पत्र्याकडे.



ही फॉइल कुठल्या अंगाला हवी, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तिचे बाबा ग्लासवूलचे फिटर. गावात त्यांना सगळे लोकरमास्तर म्हणत. तरुणपणी ते कोल्ड स्टोरेजं बांधायच्या कामावर होते, पुढे घरं, शाळा, दवाखाने. जिथे म्हणून भिंतीत किंवा छतात काही भरून थंडी-ऊन थोपवायचं असेल तिथे लोकरमास्तर हवेतच. संध्याकाळी घरी आले की आधी मोरीत. अंघोळ होईपर्यंत लेकीला जवळ घ्यायचे नाहीत, कारण लोकरीची कुसळं तिला टोचतील. ती दाराबाहेर उभी राहून विचारायची, "झालं का?" आणि ते आतून ओरडायचे, "आधी नियम सांग!"

"चकाकती बाजू उबेकडे!"

"का?"

"नाहीतर लोकर रडते!"

मग दार उघडायचं. रडते म्हणजे काय ते मोठेपणी कळलं. ऊब लोकरीत नसते, लोकरीत अडकून पडलेल्या हवेत असते. माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ वर वर जात राहते. फॉइल खोलीच्या बाजूला असली की वाफेला तिथेच अडवते. फॉइल वर गेली तर वाफ लोकरीत शिरते, गार पत्र्यापाशी पोचली की तिचं पाणी होतं, हवेच्या जागी पाणी बसतं. मग ती लोकर असून नसल्यासारखी. उलट वाईटच, कारण ओल धरून ठेवते.

त्यांना भिंती वाचायचं वेडच होतं. कुणाकडेही गेले की आधी पालथा हात भिंतीला लावणार. "इथे फट राहिलीय," असं यजमानाला तोंडावर सांगणार. आई वैतागायची. "लोक पाहुणे म्हणून गेले की माणसांशी बोलतात, आमच्याकडचे भिंतींशी बोलतात."

आई गेली. बाबा चौकापलीकडच्या गल्लीत एकटेच राहायचे. थंडी सुरू व्हायच्या आधी स्वतःहून आले आणि म्हणाले, "भिंगरीच्या खोलीचं छत मी करणार. पोरीला पत्र्याखाली झोपवता? शोभतं का माझ्या लेकीला?" कुणाची मदत घेतली नाही. शिडीवर चढून, मान मोडून, एकट्याने सगळं केलं.

आणि मग भिंगरीचा खोकला सुरू झाला. भिंगरीची आई दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर कामाला होती, त्यामुळे डॉक्टर ओळखीच्या. त्यांनी विचारलं होतं, "घरात कुठे ओल आहे का?" तेव्हा तिला जवळजवळ रागच आला होता. "ओल? छत माझ्या वडिलांनी केलंय." आणि ती घरी येऊन लेकीला वाफ देत बसली होती. सकाळ-संध्याकाळ, दारं-खिडक्या लावून, पातेलंभर पाण्याची. जितकी वाफ दिली तितकी वर जाऊन लोकरीत मुरली होती.

"एखादा पट्टा चुकून उलटा लागला असेल," नवरा म्हणाला. त्यालाही आता कळलं होतं. "वय झालंय. मान वर करून काम."

"दुसरी फळी काढ."

दुसरी काढली, तिसरी काढली. मग त्यांनी काढायचं थांबवलं. सगळीकडे तेच होतं. पट्टे एकमेकांना भिडलेले, कुठे बोटभर फट नाही, दिव्याच्या वायरीभोवती गोल कापून बसवलेले, फॉइलच्या सांध्यांवर टेप लावून अंगठ्याने दाबलेली. इतकं सुबक काम तिने क्वचितच पाहिलं असेल. आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटं होतं.

"मी सांगू?" नवरा स्टुलावरच बसला. "नवी लोकर आणू आणि सुलटी लावू. मी लावतो, मला काय जमणार नाही? बाबांना कळायचंही नाही. आपण बोलायचंच नाही."

तिला ते पटलं. पटलं म्हणजे, पटावं असं तिला फार वाटलं. या वयात बाबांसमोर हा ओला पट्टा धरायचा? जे काम उभ्या जन्मात एकदाही चुकलं नाही ते नातीच्याच उशाशी चुकलं, हे त्यांना दाखवायचं?

"चालेल," ती म्हणाली. मग एकदम आठवून म्हणाली, "नाही चालणार. उद्या सोमवार आहे."

"मग?"

"उद्यापासून बाबा वॉर्डाचं छत घेतायत."

दवाखान्याच्या गच्चीवर पत्र्याची नवी खोली उभी राहत होती. तान्ह्या मुलांचा वॉर्ड. रोज जिना चढताना तिला ती दिसायची. ठेकेदाराने छताच्या कामासाठी दुसऱ्या कुणाला विचारलंच नव्हतं. बाबांनी तिला सांगितलं होतं, "शेवटचं मोठं काम. मग हत्यारं खाली ठेवतो." आणि किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगू कुणाला तरी," नवरा म्हणाला.

"लोकरमास्तरांवर? कोण ठेवणार लक्ष? सगळे त्यांच्याकडूनच शिकलेत. ते उलटं लावतील तर बाकीचे म्हणतील, आपलंच चुकत असेल."

तो खाली पडलेले स्क्रू वेचू लागला. वेचता वेचता म्हणाला, "तुला आठवतं? इथलं काम चालू असताना मी सारखा आत-बाहेर करत होतो, तर मला ओरडले होते. दार लावून घ्या, थंडी बाहेर जातेय."

"आपण हसलो होतो."

"हो. मला वाटलं, थट्टा करतायत."

ऊन भिंतीवरून उतरायच्या वेळेला जिन्यात ओळखीची पावलं वाजली. बाबा रविवारी संध्याकाळी यायचेच. भिंगरी जागी झाली होती, ती धावतच दाराशी गेली. "आजोबा, आमचं छत पडलं!"

"पडलं? माझं छत पडतं होय गं?" ते हसत हसत आत आले आणि खोलीच्या दारात थबकले. उघडं छत, खाली रचलेल्या फळ्या, कोपऱ्यात ओल्या लोकरीचा ढीग. त्यांचा चेहराच बदलला. "कुणी उघडलं हे? मला न विचारता हात कुणी लावला?"

"मी लावला, बाबा."

"तू? तुला अक्कल आहे का? एकदा लावलेलं छत असं कुणी..."

"पाणी गळत होतं. हिच्या उशाशी."

"पत्रा फुटला असेल."

"पत्रा धडधाकट आहे." तिने ढिगातला एक तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. मग लहानपणी ते विचारायचे तसंच तिने विचारलं, "बाबा, नियम काय?"

"नियम काय म्हणजे? चकाकती बाजू उबेकडे." त्यांनी तुकडा फिरवून पाहिला, मग वर पाहिलं. "तशीच तर आहे. बरोबर आहे की."

"फॉइल वर आहे, बाबा. पत्र्याकडे."

"मग? ऊब तिकडेच आहे." ते शांतपणे, नव्या माणसाला समजवावं तसं सांगू लागले. "ऊन बाहेर. आपल्याला थंडी आत राखायची आहे. दोन दिवस मशीन बंद पडलं तरी माल टिकला पाहिजे. त्यासाठी बाहेरून फॉइल." मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. तिथे भिंगरी उभी होती. त्यांनी भुवया उंचावल्या. "हिला आत कुणी आणलं? एवढ्या गारठ्यात? स्वेटर तरी घाला पोरीला. हे काय पोरांनी यायचं ठिकाण आहे?"

नवरा जमिनीकडे पाहत राहिला. तिला आता कळलं. बाबांचा नियम चुकला नव्हता. हातही चुकले नव्हते. शिडीवर चढलेला माणूस कोल्ड स्टोरेजमध्ये होता. तिच्या जन्माच्याही आधीच्या कुठल्या तरी गोदामात, जिथे थंडी आत असते आणि ऊब बाहेर.

"बाबा," ती जवळ गेली. "ही भिंगरीची झोपायची खोली आहे."

"कळतंय मला."

"हा तिचा पलंग. हा हीटर. ऊब कुठे आहे, बाबा?"

ते काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. पलंगाकडे पाहिलं. पलंगाखालच्या छोट्या चपलांकडे पाहिलं. भिंगरीला तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली. खोकला संपेपर्यंत ते तिच्याकडे टक लावून पाहत होते. मग सवयीने पालथा हात भिंतीला लावला. हात तिथेच ठेवून उभे राहिले.

"किती दिवस खोकतेय?"

"थंडी पडल्यापासून."

"आणि ही इथे झोपते." त्यांनी हात काढून शर्टाला पुसला. "मी हे असं लावलं? मीच?"

"तुम्हीच, बाबा."

ते पलंगाच्या कडेवर बसले. ओला तुकडा मांडीवर तसाच होता. पँट भिजत होती, त्यांना त्याचं काही नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि कामाच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. होतं. मी उद्या वॉर्डात नीट बघून लावीन. दोनदा तपासून."

हीच वेळ होती. आत्ता गप्प बसलं तर पुन्हा बोलता येणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"वॉर्डाचं काम घेऊ नका, बाबा."

"काय?"

"तिथे तान्ही बाळं असणार. हिच्याहून लहान. त्यांना सांगताही येणार नाही."

"एका चुकीवरून तू मला घरी बसवतेस?" आवाज चढला. "माझी लेक असून?"

"लेक म्हणूनच. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी."

"तुला वाटतं, मला वेड लागलंय."

"नाही हो, बाबा." ती त्यांच्यासमोर खाली बसली. "मला वाटतं, तुम्ही इथे होता तेव्हा इथे नव्हता. आणि ते तुम्हाला कळलं नाही. दोनदा तपासलंत तरी तेव्हा कुठे असाल ते कसं कळणार?"

नवरा मध्ये पडत म्हणाला, "बाबा, ठेकेदाराला सांगू, गुडघा दुखतोय. शिडी चढवत नाही. त्यात काय, कुणाचाही दुखतो."

"हो," ती घाईने म्हणाली. "गुडघाच सांगा."

बाबांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधायला वेळ लागला. तिने हात पुढे केला तेव्हा त्यांनी फोन बाजूला घेतला. तिकडून ठेकेदाराचा मोठा, आनंदी आवाज खोलीभर ऐकू आला. "बोला मास्तर! उद्याची शिडी तयार आहे."

"अरे, उद्या मला जमायचं नाही. माझा गुडघा..." ते थांबले. मांडीवरच्या तुकड्यावर त्यांनी बोट फिरवलं, काळ्या ठिपक्यांवरून. "नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही. मी लेकीच्या घरात फॉइल उलटी लावली."

तिकडून हसणं ऐकू आलं. "काय मास्तर, रविवारची थट्टा? तुम्ही आणि उलटी?"

"थट्टा नाही. अख्खं छत उलटं लावलं. नातीला ओल बाधली. दुसरा माणूस बघ. आणि पहिला पट्टा चढवायच्या आधी स्वतः वर जाऊन उभा राहा. समजलं?"

ठेकेदार हसायचा थांबला होता. तो काहीतरी बोलत होता, पण बाबांनी फोन बंद केला आणि उठले. "पोती आण," ते जावयाला म्हणाले. "हे घरात ठेवू नका रात्रभर."

नवऱ्याने पोती आणली. बाबांनी तोंडाला रुमाल बांधला, बाह्या खाली ओढून मनगटाशी गुंडाळल्या आणि स्टुलावर चढले. तिने अडवलं नाही. उरलेल्या फळ्या त्यांनी एकेक करून काढल्या, स्क्रू वाटीत टाकले, पट्टे न फाडता उतरवले, गुंडाळून पोत्यात भरले. टेप सोडवताना त्यांच्या अंगठ्याला वेळ लागत होता. इतकी घट्ट बसवली होती. भिंगरी आत डोकावली की ओरडायचे, "लांब हो, टोचेल!" एकदा खाली पाहून जावयाला म्हणाले, "सांधे बरे घेतले होते, नाही?"

"सांध्यांना नाव ठेवायला जागा नाही, बाबा."

"हं."

काम संपलं तेव्हा वर नुसते पत्रे उरले. त्यांच्या आतल्या अंगाला पाण्याचे बारीक थेंब दाटले होते. बाबांनी फडकं घेऊन तेही पुसून काढले, हात पोचेल तिथवर. मग मोरीत जाऊन हातपाय धुतले. भिंगरी मोरीच्या दाराशी उभी होती. बाहेर आल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, स्वतःच्या बाहीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "आज नको. अंगाला लोकर आहे. घरी जाऊन अंघोळ करतो."

"इथेच राहा ना आज," लेक म्हणाली. "अंघोळीचं पाणी तापवते."

"तुम्हालाच झोपायला खोली नाही. मी कुठे मावतो?"

"मी सोडायला येतो," नवऱ्याने चपला पायात सरकवल्या.

"कशाला? चौक ओलांडला की घर. रस्ता चुकायला मी काय..." वाक्य त्यांनी अर्ध्यावरच सोडलं. जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच मागे सारलं. "पोती खाली नेऊन ठेव. ते जास्त महत्त्वाचं आहे."

ते जिना उतरले. ती खिडकीशी गेली, भिंगरीला कडेवर घेऊन. पोर आता जड झाली होती, पण तिला सोडावंसं वाटेना. तिच्या छातीतली घरघर आईच्या खांद्याला लागत होती. बाहेर संधिप्रकाश होता, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. बाबा दाराबाहेर आले. ताठ चालत होते, कामावरून परत जाताना चालायचे तसेच, हात मागे बांधून. दुकानाशी कुणीतरी "काय मास्तर" म्हणालं, त्यांनी मान हलवली.

चौकात ते थांबले.

गाड्या नव्हत्या, सगळा रस्ता मोकळा होता. समोर त्यांची गल्ली, डावीकडे दवाखान्याचा रस्ता, उजवीकडे बाजार. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा समोर. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि तिथेच उभे राहिले. डोळे पुसत होते की नुसताच चष्मा, उद्या सकाळी कुठे जायचं याचा विचार करत होते की आत्ताच्या वाटेचा, इतक्या लांबून काही कळत नव्हतं. मागे जिन्यावर नवऱ्याची पोतं ओढत नेण्याची खरखर चालू होती. त्याला हाक मारावी की स्वतःच धावत जावं, की बाबांना त्यांचा वेळ घेऊ द्यावा, याचा तिला उलगडा होत नव्हता.

भिंगरीने काचेला नाक लावलं. तिच्या श्वासाने काच धुरकटली, ती तिने मुठीने पुसली आणि पुन्हा पाहिलं.

"आई, आजोबा कुणाची वाट बघतायत?"